बढती, कोर्स आणि ओव्हरटाइम : मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावं घेतलेली नाहीत. कारखान्यात सगळे जशी हाक मारतात तीच इथे ठेवली आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी या कारखान्याचा सल्लागार होतो आणि यातली पहिली चूक माझ्याच सल्ल्याने झाली, त्यामुळे हे लिखाण अगदी तटस्थ माणसाचं आहे असं समजू नका.

पार्श्वभूमी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मर बनवणारा हा कारखाना. शे-सव्वाशे माणसं. मालक गुजराती, त्यांना सगळे शेठ म्हणतात. त्यांचा एमबीए झालेला मुलगा छोटे शेठ. माल मुख्यतः वीज वितरण कंपन्यांच्या टेंडरवर जातो. आर्थिक वर्ष संपत आलं की जानेवारी ते मार्च कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते.

कारखाना खऱ्या अर्थाने चालवत होते ते काका. वर्क्स मॅनेजर, दांडिया बाजारात राहणारे, कलाभवनातून डिप्लोमा झालेले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, महाराज सयाजीराव गायकवाडांनी 1890 मध्ये काढलेलं कलाभवन आता विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र शाखेत सामावलं आहे, पण जुन्या बडोदेकरांच्या तोंडात नाव तेच आहे. काकांची कारखान्यात एकतीस वर्षं झाली होती. त्यांच्या कपाटात दर वर्षाची एक खिशातली डायरी होती. कोणत्या इन्स्पेक्टरला कोणता कागद आधी दाखवायचा, कोणत्या पुरवठादाराचा प्रेसबोर्ड (इन्सुलेशनचा पुठ्ठा) पावसाळ्यात ओलसर येतो, सगळं त्यात. काका मार्च 2024 अखेर निवृत्त होणार हे सगळ्यांना माहीत होतं. तयारी कुणीच केली नव्हती.

दुसरे म्हणजे दादा. वाइंडिंग, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायच्या खात्याचे सुपरवायझर, वय चव्वेचाळीस, आयटीआय, मांजलपूरला घर. हेल्पर म्हणून लागले आणि वीस वर्षांत खात्याचे प्रमुख झाले. या धंद्यात वाइंडिंग हे काळीज आहे. एचव्ही, म्हणजे हाय व्होल्टेज कॉइलचे वेढे थोडे जरी चुकले तरी टेस्टिंगला व्होल्टेज रेशो (दोन बाजूंच्या व्होल्टेजचं प्रमाण) जुळत नाही. सूट अवघ्या अर्ध्या टक्क्याची, आणि मग कॉइल उलगडून पुन्हा गुंडाळायची. दादांच्या खात्यातून रिवर्कला येणाऱ्या कॉइल महिन्याला हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच असत.

तिसऱ्या होत्या टेस्टिंगच्या बेन. इथल्याच विद्यापीठातून इलेक्ट्रिकलच्या बीई, टेस्टिंगमध्ये आठ वर्षं. पार्श्वभूमीत त्यांचा उल्लेख मी आत्ता करतोय. 2022 मध्ये आम्ही बसलो होतो तेव्हा केला नव्हता.

पर्याय काय होते

ऑक्टोबर 2022 मध्ये, नवरात्र आटोपून माणसं कामावर परतल्यावर, शेठनी मला बोलावलं. प्रश्न एका वाक्याचा होता : काकांच्या जागी कोण?

बाहेरून माणूस आणायचा हा पहिला पर्याय. मोठ्या कंपनीतला, पन्नाशीचा, कागदोपत्री पक्का. पगार काकांच्या दुप्पट मागणार, आणि मकरपुऱ्यातल्या लहान कारखान्याची कायम हातघाईवर असलेली तऱ्हा त्याला झेपेलच असं नाही. असा एक माणूस शेठनी दहा वर्षांपूर्वी आणला होता, तो सात महिन्यांत गेला. तेव्हापासून शेठच्या मनात याची अढी होती. ती थोडी अन्यायाची होती असं माझं मत आहे, कारण त्या माणसाला कुणी काम समजावूनही दिलं नव्हतं.

दुसरा पर्याय छोटे शेठ. ते स्वतःच नको म्हणाले. त्यांना मार्केटिंगमध्ये रस होता आणि काकांच्या खुर्चीत बसायची भीती होती. दोन्ही गोष्टी त्यांनी मोकळेपणाने सांगितल्या.

तिसरा पर्याय दादा. घरचा माणूस, प्रामाणिक, कामात हात धरणारं कुणी नाही. दादांचं नाव निघताच खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं. आता लक्षात येतं की चर्चा तिथेच संपली.

चौथा पर्याय, म्हणजे काकांचं काम फोडून दोघा-तिघांत वाटायचं, हे मी बोललो होतो. शेठ म्हणाले, "एका म्यानात दोन तलवारी नको." मी फारसं ताणलं नाही.

बेनचं नाव कुणी घेतलं नाही. नंतर एकदा शेठना विचारलं तर म्हणाले, "लग्न झालंय, लहान मूल आहे, मार्चमध्ये रात्री अकरापर्यंत कोण थांबणार?" त्यांना कुणी विचारलं होतं का? नाही. आणि मी? मीही नाही. हा या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण होता, आणि तो निर्णय घेतोय याची आम्हाला जाणीवसुद्धा नव्हती.

पहिला निर्णय आणि त्याचं काय झालं

ठरलं असं : दादांना आधी नेतृत्वाच्या कोर्सला पाठवायचं, मग जानेवारी 2023 पासून सहायक वर्क्स मॅनेजर करायचं, आणि वर्षभर काकांच्या हाताखाली तयार करायचं. कागदावर छान दिसत होतं.

कोर्स मी सुचवला. पाच दिवस, एका हॉटेलात, शिकवणं इंग्रजी आणि हिंदीत. बरोबरचे बहुतेक जण मोठ्या कंपन्यांतले पदवीधर. शेवटच्या दिवशीच्या अभिप्रायाच्या कागदावर दादांनी प्रत्येक रकान्यात "उत्तम" अशी खूण केली. तो कागद मी शेठना दाखवला आणि शेठ खूश झाले. प्रशिक्षणाचा परिणाम चार पायऱ्यांवर मोजावा, माणसाला आवडलं का, तो शिकला का, कामात वापरलं का, आणि धंद्यावर फरक पडला का, ही मांडणी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये केली. दुसऱ्यांना शिकवताना मी ती नेहमी फळ्यावर काढतो. इथे मात्र पहिल्याच पायरीवर थांबून पेढे वाटले.

कोर्सच्या आधी शेठनी एक बाँड करून घेतला : दोन वर्षांत सोडून गेलात तर खर्च परत. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा बाँडवर वाजवी नुकसानभरपाईपुरतंच मागता येतं, मनाला येईल तो आकडा नाही, हे मी सांगितलं. रक्कम वाजवी होती, म्हणून पुढे काही बोललो नाही. वीस वर्षं त्याच गेटमधून आत येणाऱ्या माणसाला तो कागद कसा लागला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बडोद्यात शिक्षणासाठी लिहून दिलेल्या बाँडचा विषय निघाला की एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. 1913 मध्ये सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेला शिकायला शिष्यवृत्ती दिली, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार झाला. 1917 मध्ये ते आले. पण शहरात त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही, ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते तिथूनही त्यांना बाहेर काढलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदं सोडावं लागलं. कमाटी बागेतली संकल्पभूमी त्याची खूण आहे. ती जातीची क्रूरता होती. आमच्या कारखान्यातल्या कुरबुरींशी तिची तुलना करायची माझी मुळीच इच्छा नाही. एवढंच म्हणतो की या शहरात करारावर सही घेण्याआधी माणूस येऊन बसणार कुठे हे विचारायची सवय आम्हाला तरी असायला हवी होती.

कारण दादांना बसायलासुद्धा जागा नव्हती. हे अक्षरशः घ्या. काकांच्या केबिनमध्ये एक टेबल आडवं टाकलं होतं आणि त्यावर जुन्या टेस्ट रिपोर्टचे गठ्ठे होते.

अडचण

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी अर्धा दिवस शॉपमध्ये उभा होतो. तेव्हा पाहिलेलं अजून डोळ्यांसमोर आहे.

दादा केबिनमध्ये फोनवर बोलत होते. माल तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरची तारीख पक्की करायची होती. बाहेर एक पंचविशीचा मुलगा एचव्ही कॉइल गुंडाळत होता. मला मशीनचा आवाज अगदी सरळ वाटला. दादांनी मात्र बोलता बोलता मान वळवली, "साहेब, दोन मिनिटांत करतो," म्हणून फोन ठेवला आणि बाहेर आले. फिरत्या कॉइलजवळ जाऊन पेडल सोडायला सांगितलं. तळवा थरावर ठेवला आणि एका जागी अंगठ्याने दाबलं. तिथे वायर किंचित सैल होती. "ऊठ," म्हणाले. मुलगा उठला. दादा बसले, तीन थर उलगडले, क्राफ्ट पेपर बदलला आणि पुन्हा गुंडाळायला लागले. हात असे चालत होते की बघत राहावं.

चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात केबिनच्या दाराशी तिघं येऊन उभे राहिले : एक गेटपासवर सही घ्यायला, एक तेलाच्या टँकरवाल्याला घेऊन, एक सुट्टीचा अर्ज घेऊन. इन्स्पेक्टरचा फोन दोनदा वाजून थांबला. तो मुलगा हात मागे बांधून दादांच्या मागे उभा होता, आणि दादांची पाठ त्याच्याकडे असल्याने त्याला काही दिसत नव्हतं.

ही नेहमीचीच गोष्ट झाली होती. वाइंडिंग कुणाकडे सोपवलंच नव्हतं. कागदावर सहायक मॅनेजर, हाताने सुपरवायझर. सह्या काकांच्याच चालत होत्या, कारण कुणालाच काही वेगळं सांगितलं नव्हतं. दादांनी ओव्हरटाइम नाकारला की माणूस काकांकडे जाई, आणि काका सवयीने मंजूर करत. मार्चमध्ये रिवर्कच्या कॉइल दुपटीहून जास्त झाल्या. दोन लॉट उशिरा गेले आणि बिलातून दंड कापला गेला.

मे महिन्यात दादांनी शेठना हाताने लिहिलेलं एक पान दिलं. पत्र गुजरातीत होतं. बडोद्यात आमच्यापैकी अनेकांचं लिहिणं गुजरातीत आणि भांडणं मराठीत होतात. राजीनामा नव्हता. विनंती होती : "मला माझ्या मूळ जागेवर परत पाठवावे."

शेठना राग आला. एवढा खर्च केला, मान दिला, आणि हा माणूस मागे जायचं म्हणतो? पहिली प्रतिक्रिया बाहेरून माणूस शोधा अशी होती. मी दोन आठवडे मागितले.

न विचारलेला प्रश्न

दादांशी मी कारखान्यात बोललो नाही. एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. अकरावीतली मुलगी आत अभ्यास करत होती. मी विचारलं, "दादा, तुम्हाला मॅनेजर व्हायचं होतं का?"

बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "कुणी विचारलंच नाही हो. शेठनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, टाळ्या वाजल्या. नाही कसं म्हणायचं?"

मग एकेक करून बाहेर आलं. इंग्रजी ईमेलची धास्ती. टेंडरचे कागद इंग्रजीत, इन्स्पेक्टरचे शेरे इंग्रजीत. कोर्समध्ये दोन दिवस काय चाललंय तेच कळलं नव्हतं. मग सगळीकडे "उत्तम" का लिहिलंत? "शेठनी पैसे भरले होते ना." आणि एक भीती होती जी माझ्या मनात कधीच आली नव्हती. काकांनी सहज बोलता बोलता सांगितलं होतं की फॅक्टरी कायद्याखाली मॅनेजर म्हणून आपलं नाव सरकारदरबारी असतं. "म्हणजे कुणाचा हात मशीनमध्ये गेला तर कोर्टात माझं नाव?" काकांनी हसून "तसंच समज" म्हटलं होतं. काकांच्या मते ती थट्टा होती. दादा त्या रात्री झोपले नव्हते.

शेवटी वहिनी बोलल्या. चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "बढती झाली आणि घरात पैसे कमी यायला लागले, हे कसं ते मला कुणी सांगेल का?"

मी पगाराच्या पावत्या मागितल्या. आधी दादांना महिना 31,000 आणि सुपरवायझर म्हणून ओव्हरटाइम मिळत असे, सरासरी 9,500. बढतीनंतर 37,000. शेठनी "सहा हजारांची वाढ" जाहीर केली होती आणि ती खरीच होती. पण मॅनेजरला ओव्हरटाइम नाही. हातात येणारे पैसे 3,500 नी कमी झाले होते, आणि कामाचे तास वाढले होते. हा हिशेब शेठनी केला नाही, अकाउंट्सने केला नाही, मी केला नाही. दादांनी तोंडातून काढला नाही, कारण पैशांसाठी रडतोय असं दिसलं असतं.

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज वाटली ती या साडेतीन हजारांची.

दुसरा प्रयत्न

जूनमध्ये शेठ, काका, छोटे शेठ आणि मी पुन्हा बसलो. या वेळी मी आधी बेनशी बोललो होतो. मार्चमध्ये उशिरापर्यंत थांबाल का, असं विचारल्यावर त्या हसल्या. "गेली आठ वर्षं मार्चमध्ये टेस्टिंग किती वाजता बंद होतं असं तुम्हाला वाटतं?" सासूबाई घरी असतात, गाडीची सोय झाली तर अडचण नाही, म्हणाल्या. त्यांना डिस्पॅच आणि इन्स्पेक्शन स्वतःकडे हवं होतं. केव्हापासून? "तीन वर्षांपासून. पण मागायचं कुणाकडे?"

एका म्यानात दोन तलवारी हा वाद पुन्हा निघालाच. या वेळी मी मागे हटलो नाही, आणि छोटे शेठ माझ्या बाजूने बोलले. काकांचं काम तीन भागांत तोडलं. उत्पादन दादांकडे. क्वालिटी, इन्स्पेक्शन, डिस्पॅच आणि त्याचा सगळा इंग्रजी पत्रव्यवहार बेनकडे. कायद्यातलं मॅनेजरचं नाव छोटे शेठ यांचं. तेव्हाच्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे नवा मॅनेजर चार्ज घेई तेव्हा सात दिवसांत फॅक्टरी इन्स्पेक्टरला लेखी कळवायचं असे. काकांच्या निवृत्तीच्या वेळी ते पत्र कुणी कोणत्या तारखेला द्यायचं इथपर्यंत लिहून ठेवलं. दादांचा पगार ओव्हरटाइमची सरासरी धरून 44,000 वर पक्का केला, आणि शेठनी बाँडचा कागद फाडला. तो फाडायला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. त्यांनी स्वतःहून फाडला, दादांसमोर.

मग सगळ्यांत अवघड काम : काका.

आम्ही एक पान केलं, तीन रकान्यांचं. "स्वतः करायचं", "करून कळवायचं", "विचारून करायचं". सुट्ट्या, ओव्हरटाइम, पंचवीस हजारांपर्यंतची किरकोळ खरेदी दादांच्या पहिल्या रकान्यात. काकांनी ते पान चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "ठीक आहे. मग मी दिवसभर करू काय?"

कुणाकडे उत्तर नव्हतं. मी तयारी करून गेलो होतो ती दादांसाठी. एकतीस वर्षांच्या माणसाला खुर्चीवरून उठवताना त्याच्यासाठी काय ठेवलंय याचा विचार त्या खोलीत कुणी केला नव्हता. शेवटी दादाच म्हणाले, "काका, तुमच्या डायऱ्या मला वाचता येत नाहीत. अक्षर लागत नाही. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." काकांचा चेहरा जरा सैल झाला. पुढचे आठ महिने रोज चार ते पाच हे काम चाललं. एक जाड वही भरली. पुरवठादार, मशीनच्या खोडी, कोणत्या महिन्यात कशाचा साठा करायचा, सगळं.

दरम्यान वाइंडिंगला माणूस तयार करायचा होता. त्यासाठी मी जुनी पण साधी पद्धत वापरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 ते 1945 मध्ये, अमेरिकेत कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम चालला. शिकवण्याच्या चार पायऱ्या : माणसाला तयार कर, करून दाखव, त्याच्याकडून करवून घे, मग लक्ष ठेव. त्यांचं एक ठाम म्हणणं होतं : शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत तो अभ्यासक्रम होत असे. आम्हीही तशाच पाच बैठका घेतल्या, शॉपमध्येच, मराठी-गुजराती-हिंदीची खिचडी करून. दादांसाठी नियम एकच होता : मुलाला खुर्चीवरून उठवायचं नाही. हवं तर त्याच्या हातावर हात ठेवा, पण बसायचं नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांनी हा नियम चार वेळा मोडला. मोजायचं काम त्या मुलाकडेच होतं, आणि त्याने ते आनंदाने केलं.

नोव्हेंबरमध्ये, दिवाळी झाल्यावर, काकांना तीन आठवड्यांची रजा घ्यायला लावली. ते मुलीकडे नाशिकला गेले. अट अशी की कारखान्यातून त्यांना कुणी फोन करायचा नाही. माणसांनी केला नाही. शेठनी मात्र पहिल्याच आठवड्यात दोनदा केला, आणि दुसऱ्या वेळी काकांनीच त्यांना झापलं. काका स्वतः रोज संध्याकाळी सहाला दादांना "सहजच" फोन करत हे मला फार उशिरा कळलं. दादांनी सांगितलं नव्हतं. "त्यांना करमत नव्हतं हो," म्हणाले.

त्या तीन आठवड्यांत एक मोठी चूक झाली. तेलाची ऑर्डर द्यायची राहिली आणि दोन दिवस टाक्या भरता आल्या नाहीत. दादांनी बाजूच्या कारखान्यातून उसनं तेल आणलं आणि शेठना तिसऱ्या रकान्याप्रमाणे विचारलं, पण आणल्यानंतर. शेठ चिडले, मग हसले.

निष्पत्ती

काका 31 मार्च 2024 ला निवृत्त झाले. वर्क्स मॅनेजर हे पद कारखान्याने भरलं नाही. त्या मार्चमध्ये एक लॉट उशिरा गेला, आदल्या वर्षी दोन गेले होते. रिवर्कच्या कॉइल जुन्या पातळीच्या जवळ आल्या, पण पूर्वीइतक्या कमी अजून नाहीत. त्या होणारही नाहीत असं मला वाटतं, कारण दादांचा अंगठा आता मशीनवर नाही.

बेनचं काम सगळ्यांत चांगलं बसलं, आणि त्याचं श्रेय कुठल्याही प्रशिक्षणाला देता येणार नाही. त्या आधीपासूनच तयार होत्या. दादा आता ईमेल स्वतः वाचतात आणि उत्तर बेनना सांगतात. डिस्पॅचचा एक्सेल तक्ता त्यांना त्यांच्या मुलीने शिकवला, रविवारी दुपारी.

जमलं नाही असंही आहे. दादांना महिनाभर खरेदीत बसवायचं ठरलं होतं. खरेदी बघणाऱ्या माणसाने पुरवठादारांची यादी शेवटपर्यंत हाताखालून सोडली नाही आणि शेठनी जोर केला नाही. शिवाय काकांना निवृत्तीनंतर सहा महिने आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून बोलवायचं ठरलं. हेतू चांगला होता. पण त्या दोन दिवसांत सगळे वाद काकांकडे जायला लागले आणि उरलेले चार दिवस लोक त्या दोन दिवसांची वाट बघू लागले. दोन महिन्यांतच ते थांबवलं. काका दुखावले. गणपतीत मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी प्रसाद दिला, कारखान्याचा विषय काढला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत आधी, माणसाला विचारायला हवं होतं. सगळ्यांसमोर जाहीर करण्याआधी, त्याच्या घरी किंवा बाहेर कुठे तरी, "नाही" म्हणायला जागा ठेवून. आमच्याकडे बढतीला नकार देणं म्हणजे मालकाने वाढलेलं ताट ढकलण्यासारखं मानतात. त्यामुळे मिळालेला होकार कच्चा असतो.

दुसरं, क्रम उलटा हवा होता. आधी वाइंडिंगला दुसरा माणूस, मग दादांना वर. जुनं काम अंगावर तसंच ठेवून नवीन पद दिलं की माणूस जुन्याच कामाकडे पळतो, कारण तिथे त्याला सगळं येतं. मी स्वतः सल्लागार झालो तेव्हा पहिली दोन वर्षं लोकांचे हजेरीचे तक्ते दुरुस्त करत बसलो होतो, कारण ते मला उत्तम जमायचं.

कोर्सबद्दल माझं मत कडवट झालंय, पण ते कोर्सविरुद्ध नाही. पाच दिवस बाहेर जाऊन माणसाला फायदा होऊ शकतो, जर भाषा त्याची असेल आणि परत आल्यावर सोमवारी सकाळी त्याला काय वेगळं करू दिलं जाणार हे मालकाने आधी ठरवलं असेल. आम्ही दोन्ही केलं नाही.

काकांबाबत मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. सल्लागार म्हणून बोलवायलाच नको होतं, की कारखान्याऐवजी छोटे शेठना घरी बसून शिकवायला सांगायचं होतं? कदाचित दुसरं. त्या मधल्या काळात एक शब्दही कुणी त्यांच्याशी त्यांच्याबद्दल बोललं नाही, तीन रकाने आणि डायऱ्या याबद्दलच बोललो.

आणि बेन. यादीत कुणाची नावं आहेत हे बघण्याआधी यादी कुणी केली आणि कुणाला बघून केली हे विचारायची सवय मी आता लावून घेतोय. अजून अंगवळणी पडलेली नाही.

परवा मकरपुऱ्यात गेलो होतो. वाइंडिंगचा तो मुलगा आता लाइन बघतो, छान बघतो, आणि हालोलच्या एका कारखान्याकडून त्याला विचारणा आल्याची कुजबुज आहे. दादांना विचारलं, याला सुपरवायझर करताय म्हणे, त्याच्याशी बोललात का?

"अजून नाही," दादा म्हणाले. "आधी अकाउंट्सला त्याच्या ओव्हरटाइमची बारा महिन्यांची सरासरी काढायला सांगितलीय. ती आली की त्याच्या घरी जाईन."